हंपीचं पुरंदरदासांचं 'घर': निघण्याआधी धरणाचं पाणी विचारा

सोलापूरहून कन्नड संतकवी पुरंदरदासांचं घर बघायला निघणाऱ्यांनी आधी हे ऐका: तिथे घर नाही. नदीकाठी दगडी खांबांचा उघडा मंडप आहे. दास इथे राहिले, इथेच पदं रचली असं मानतात. तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की तो मंडपही बुडतो. उजनीचं पाणी आलं की चंद्रभागेत पुंडलिकाचं देऊळ बुडतं, अगदी तसंच.

हे मला कुणी सांगितलं नाही. विजापूर-गदग करत रेल्वेने होस्पेटला उतरलो ते ऑगस्टात. रिक्षावाल्याला कन्नडमधून दोनदा विचारलं, मंडपापर्यंत जाता येईल ना? "हौदु, हौदु" (हो, हो) म्हणत त्याने बाराशे ठरवले. धरण त्याच्या गावाला लागून, पाणी सुटलंय हे त्याला ठाऊक नसेल? शिवाय मंडपाजवळच्या विठ्ठल मंदिराच्या किलोमीटरभर अलीकडेच सोडून दिलं. पुढे बॅटरीच्या गाडीचे पैसे वेगळे. काठाकडे उतरलो तर गढूळ पाण्यावर मंडपाचं छत आणि खांबांचे माथे, एवढंच. होस्पेट ते हंपी जेमतेम १३ किलोमीटर, सरकारी बस आहेत. रिक्षा करूच नका.

जिवाला चुटपुट लागली, म्हणून पौषात परत गेलो. या वेळी विरूपाक्ष मंदिरापासून नदीकाठाने चालत, दोनेक किलोमीटर. भर बारा वाजता निघालो ही चूक झाली. दगड पायाखाली तापतात, सावली थोडी. सकाळी सातलाच चालायला लागा.

मंडपात पोचलो आणि सगळा शीण गेला. खांबावर पुराच्या चिखलाची रेघ होती, माझ्या खांद्याच्या वर. सावकारी सोडून माध्व संत व्यासरायांचे शिष्य झालेला हा माणूस (१४८४–१५६४). कर्नाटक संगीत शिकणारं पोर आजही त्यांनीच घालून दिलेल्या मायामाळवगौळ रागातल्या सरळी वरसेंपासून (स्वरांच्या पहिल्या धड्यांपासून) सुरुवात करतं. भीमसेनजींचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते पद यांचंच, शेवटी नाममुद्रा 'पुरंदर विठ्ठल'. आणि वरच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने नेलेला पांडुरंग संत भानुदासांनी पंढरीला परत आणला, ही कथा आपल्या घरोघरी आहे. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर माझे डोळे भरून आले.

जमलं तर पौष अमावास्येला जा, दासांची पुण्यतिथी असते. पावसाळ्यात मात्र धरणाचे दरवाजे बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय तिकीट काढू नका.