आमची वाटचाल : क्विल्ट उलटा करून बघा

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, आत भरण घालून टाके घातलेलं गोधडीसारखं पांघरूण. सुरुवातीला ते शिवणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि मावशी. कापणं आणि मशीन माझ्याकडे, हाताचा धावदोरा मावशींकडे. नऊ नंबरच्या आखूड सुईशिवाय दुसरी सुई त्यांनी कधी धरली नाही. लांब सुईने टाकाही लांब पडतो, हे त्यांचं ठाम मत, आणि ते खरंच आहे. पुढे नजर साथ देईना म्हणून त्यांनी काम थांबवलं. त्यांचं खड्डे पडलेलं अंगुस्तान माझ्या डब्यात आहे, मला ते बसत नाही.

मग काही वर्षं काम येत गेलं, आम्ही करत गेलो.

आणि ती मोठी ऑर्डर आली. एका निवासगृहाच्या सगळ्या खोल्यांसाठी क्विल्ट. नमुना पसंत, रंग पसंत, 'कापायला घ्या' असा निरोपही आला. निळ्या आणि बदामी सुती कापडाचे ३ इंच ७ सूतचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चौकोन कापून गठ्ठे लावले, तेवढ्यात फोन आला: 'हेच दुसरीकडे निम्म्या दरात मिळतंय.'

'हेच' म्हणजे काय, ते आम्ही नंतर पाहिलं. ठिगळांचं चित्र छापलेलं अखंड कापड! बोट फिरवा, शिवणीचा उंचवटा कुठेच लागत नाही. आत पातळ पॉलिस्टर, वर वीतवीतभर अंतरावर मशीनच्या तिरक्या रेघा. चार वेळा धुतलं की भरण सरकून कोपऱ्यात गोळा. छापील कापड विकायला माझी हरकत नाही, पण त्यावर 'हाताने जोडलेलं' अशी चिठ्ठी? आणि जाहिरातीतला फोटो आमच्या लॉग केबिनचा (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायचा जुना नमुना), मधला लाल चौकोन आणि मावशींचे टाके स्पष्ट दिसणारा. विचारलं तर उत्तर आलं, 'डिझाइन काय कोणाच्या मालकीचं असतं?' लॉग केबिन कोणाच्या मालकीचा नाही, हे त्यांनी मला शिकवायला नको. फोटो आमचा होता.

कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही. दुसरं मशीन विकलं, भाडं थकलं, आणि 'तुम्ही महाग आहात' हे वाक्य रोज कानावर पडू लागलं.

त्या काळात एकच गिऱ्हाईक टिकलं. या काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका, पर्समध्ये कायम स्टीलची पट्टी. सुट्टा ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एकेक जोडलेला चौकोन, साडेबारा इंच भरलाच पाहिजे, तरच जोडल्यावर बारा राहतो, म्हणून प्रत्येक ब्लॉक स्वतः मोजणार. सुताभराचा फरक सापडला तर मशीनशेजारी उभं राहून उसवायला लावणार. याच काकू त्या मंडळींच्या प्रदर्शनात गेल्या, भर गर्दीत क्विल्टची कड उसवून आतली बाजू बघितली आणि विचारलं, 'जोड कुठे आहेत यात?' दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन दोन क्विल्टची ऑर्डर देऊन गेल्या. प्रदर्शनातला प्रकार मला तिसरीकडूनच कळला.

ते निळे चौकोन अजून संपतायत. सध्या त्यांतूनच काकूंच्या नातीसाठी 'ओशन वेव्ज' नमुन्याचा क्विल्ट चालू आहे, त्रिकोणच त्रिकोण. जाता जाता सांगते, ३ इंचाच्या तयार त्रिकोणजोडीसाठी (दोन त्रिकोण जोडून झालेला चौकोन) कापायच्या चौकोनाचं पुस्तकातलं माप ३ इंच ७ सूत असलं तरी नवशिक्यांनी ४ इंच कापावं आणि शिवल्यावर साडेतीनला छाटावं. तिरपी कड ताणली जाते, छाटायला जागा लागतेच. इस्त्री वरून दाबायची, कापडावर ओढायची नाही. आणि गरम इस्त्रीने पुसली जाणारी पेनं लांबच ठेवा: साधारण ६० अंशांवर रेघ नाहीशी होते, कडक थंडीत पुन्हा उमटते.

दुसरीकडे, क्विल्ट शिकवायच्या कार्यशाळेची तयारी. ४५ मिलिमीटरच्या गोल पात्याच्या कटरमध्ये नवी पाती घातली आहेत; बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि पट्टीवरून घसरून बोट कापलं जातं ते त्यामुळेच. दोन इस्त्र्या एका बोर्डावर लावल्या की फ्यूज उडतो, म्हणून वेगळी वायर ओढून घेतली. प्रत्येक टप्प्याचा अर्धवट नमुना शिवून ठेवलाय: नऊ तुकड्यांचा ब्लॉक, त्रिकोणजोडी, तीन थर (वरचं कापड, भरण, अस्तर) टाचलेला, मधून बाहेर टाके घातलेला, अडीच इंची पट्टीचा गोट अर्धाच लावलेला. कोपरा वळवताना पाव इंच आधी थांबायचं असतं, ते बोलून कळत नाही, हातात द्यावं लागतं.

पहिला तास मात्र शिवणाचा नाही. टेबलावर दोन ब्लॉक ठेवणार, एक जोडलेला आणि एक छापील, आणि दोन्ही उलटे करायला सांगणार. जोडलेल्याच्या मागे गडद रंगाकडे दाबलेल्या शिवणी दिसतील. छापील मागून कोरा. नाव कोणाचंच घेणार नाही.

त्या मंडळींच्या कारखान्यातल्या एका मुलीनेही नाव नोंदवलंय. फी पूर्ण घेतली आहे, आणि तिला पुढच्या रांगेतलं मशीन दिलंय.