पोराला मराठी येत नाही, आणि आई माओरी शिकते

“माओरी शिकून काय मिळणार?” तीन वर्षं ऐकतेय. सांगलीहून मावशी फोनवर विचारते, इथे न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये, गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणी ना कुणी विचारतं. माओरी म्हणजे इथल्या मूळ लोकांची भाषा. नवरा विचारत नाही, मंगळवारी गुपचूप कुकर लावतो. या प्रश्नाला एक शेपूट असतं, ते बहुतेक जण गिळतात. परवा एकांनी गिळलं नाही. “पोराला धड मराठी येत नाही आणि आई निघाली माओरी शिकायला!”

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

पोराचं खरं आहे. सोळा वर्षांचा आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून येतं.

माझं पूर्वीचं उत्तर पाठ होतं. ज्या देशाचं मीठ खातो त्याची भाषा यायला नको का? ऐकणारा गप्प बसायचा. खरं कारण एवढंच की ऑफिसच्या वर्षअखेरीच्या फॉर्मवर त्यासाठी एक रकाना होता आणि वर्ग फुकट होता. फुकट ते पौष्टिक.

मग भाषाच आवडली, त्याला मी काय करू? क ख ग घ म्हणून झाल्यावर ज्या बिचाऱ्या ङला आपण कधी विचारलं नाही, त्याने इथे शब्द सुरू होतात. ऱ्हस्व-दीर्घाचा असा धाक की शाळेतल्या मराठीच्या बाई आठवाव्यात. केके म्हणजे केक, आणि दोन्ही ‘के’ लांबवले की काख! आणि ‘आम्ही-आपण’. इंग्रजीचं एका ‘वी’मध्ये भागतं. माओरीत आपल्यासारखाच भेद आहे: ऐकणाऱ्याला धरून तातोउ, त्याला वगळून मातोउ. वर्गात बाकीचे डोकं खाजवत असताना माझं पहिल्या फटक्यात बरोबर आलं. फाएआने (बाईंना असं म्हणतात, त्यात मावशीही आली) सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी आठवडाभर फुगून होते.

वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत आमच्या कुंपणापलीकडे एक आजोबा राहायचे. सगळे त्यांना कोरो म्हणायचे, मीही. त्यांच्या परसात कामोकामो लागायचे. कोवळे असले की दुधीसारखे शिजतात. ते दोन-तीन द्यायचे, मी दाण्याचं कूट घालून भाजी करायचे आणि डब्यातून थोडी परत पाठवायचे. डबा रिकामा, घासून परत यायचा.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. कोरो कुंपणावरून कामोकामो देत होते. शेजारी चार वर्षांची नात. ती कोहाङा रेओत जायची. भाषेचं घरटं असा त्याचा अर्थ. पहिली अशी बालवाडी १९८२ साली इथून फार लांब नाही अशा वाइनुइओमाताला निघाली. दारातून आत गेलं की इंग्रजी बंद. मी आदल्या रात्री आरशासमोर घोटलेलं वाक्य टाकलं, “केइ ते आको आउ इ तो तातोउ रेओ.” मी आपली भाषा शिकतेय.

नात खूश झाली. कुठे शिकतेस, तिने विचारलं. मी सांगितलं. घरी मांजर आहे का, तिने विचारलं. नाही म्हणाले, तर तिने माझा एक दीर्घ सुधारला. दोन मिनिटं चाललं असेल. आम्ही दोघी बोलत होतो आणि कोरो मध्ये उभे. दोन्ही हातांत कामोकामो, एकदा तिच्याकडे बघतायत, एकदा माझ्याकडे. ज्या लग्नात आपलं कुणीच नाही तिथल्या पंगतीत बसलेला माणूस हसतो ना, तसं हसत. मग हसू गेलं. माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाले.

“मातोउ.”

कामोकामो कुंपणाच्या खांबावर ठेवले आणि आत गेले.

मला राग आला, हेही लिहिते. घरात येऊन वही उघडली, व्याकरणात चुकलं का बघायला. वाक्य बरोबर होतं.

पुढे त्यांच्या मुलीने सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. सहा वर्षांचे होईपर्यंत कोरोंना इंग्रजीचा गंध नव्हता. शाळेत माओरी बोलले की हातावर पट्टा. मग कुटुंब गाव सोडून शहरात आलं. सरकारी घरं देताना माओरी कुटुंबं गोऱ्यांच्या वस्तीत मुद्दाम विखरून ठेवायची, असं धोरणच होतं. ताटावर मिरी भुरभुरावी तसं, आणि त्याला नावही मिरीचंच. आख्ख्या रस्त्यावर माओरी बोलायला दुसरं घर नाही. पोटाला इंग्रजीच लागते, असं आईने ठरवलं आणि घरातही बंद केलं. १४ सप्टेंबर १९७२ रोजी हाना ते हेमारा ही माओरी कार्यकर्ती तीस हजारांहून जास्त सह्या घेऊन संसदेवर गेली, शाळांत माओरी शिकवा म्हणून. कोरो तेव्हा तिथून वीस किलोमीटरवर कारखान्यात पाळी करत होते. १९८७ साली भाषा अधिकृत झाली. उतारवयात एकदा ते वर्गात जाऊन बसले. शेजारी एक गोरा पोरगा फडाफडा बोलत होता. पुन्हा गेले नाहीत. याला फाकामा म्हणतात. नुसती लाज म्हटलं तर कमी पडतं, त्यात अंग चोरणंही आहे.

आणि तिथे मी, ‘आपली’ भाषा घेऊन.

माझ्यातली जुनी बाई लगेच भांडायला उठते. म्हणजे बाहेरच्यांनी शिकूच नये का? २०२३च्या जनगणनेत माओरी बोलणारे २ लाख १३ हजार, देशाच्या चार टक्क्यांच्या आसपास. वाढतील तेवढे बरेच ना? बरोबर आहे. पण त्या फुकट वर्गात तुझ्या खुर्चीवर कोरोंची मुलगी बसली असती तर? तिला नाव घालायला कुणी अडवलं होतं? तेही बरोबर. मग मी भांडी घासायला घेते.

आमच्या पोरावर कुणी पट्टा उगारला नव्हता. बालवाडीच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, घरी इंग्रजी बोलाल तर लवकर रुळेल. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल मला कधी कुणी विचारलेलं नाही. गणपतीतही नाही.

कोरो गेल्या जूनमध्ये गेले, मातारिकीच्या, म्हणजे आपल्या कृत्तिकांच्या, सुट्टीआधी. तांगी, म्हणजे अंत्यविधी, माराएवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभास्थानी. तीन दिवस त्यांना क्षणभरही एकटं ठेवलं नाही. आम्ही फाटकातून शिरलो तेव्हा एका म्हातारीने आत यायची हाक घातली, लांब, रडवेली. मला निम्मी कळली. कोहाचं, म्हणजे भेटीच्या पैशांचं, पाकीट दिलं, रांगेत सगळ्यांशी नाक टेकवून होंगी केली आणि थेट स्वयंपाकघरात गेले. तिथे तुम्ही कोण, कुठल्या, कुणी विचारत नाही, हातात भांडी पुसायचा टॉवेल येतो. बायका इंग्रजीतच बोलत होत्या. एकीने विचारलं, “भोपळ्याच्या भाजीचा डबा पाठवायचीस ती तूच का?” मी हो म्हणाले. तेवढ्यात नात आली आणि माझ्याकडे बघून माओरीत पाणी मागितलं. मी पेला भरून दिला. तोंडातून काही निघालं नाही.

वर्ग सोडलेला नाही. तातोउ आलं की वाक्य बदलून घेते. फाएआच्या ते लक्षात आलंय, ती काही म्हणत नाही.

मंगळवारी संध्याकाळी सहाला असतो. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा-साडेअकरा. तेवढी वेळ सोडून फोन करत जा.