तुम्ही विचारलंत म्हणून: चौकडी का मोडली?

आमच्या चार वादकांच्या चौकडीबद्दल लग्नात भेटलात तरी तेच, सुरसागर तलावाला फेरी मारताना भेटलात तरी तेच. "इतकं छान चाललं होतं, बंद का केलंत?" मी हसून "झालं आपलं" म्हणतो आणि विषय बदलतो. यापुढे बदलणार नाही. एकदाच सांगतो.

आधी एक गोष्ट कृपा करून थांबवा. "सयाजीरावांच्या बडोद्यात कलेला आश्रय नाही?" हे वाक्य. आश्रय होता, पगारी होता. गायक-वीणावादक मौलाबक्षांच्या हाती महाराजांनी 1886 साली गायनशाळा दिली, फैयाज खाँसाहेब इथे दरबार गायक होते. 1949 ला संस्थान विलीन झालं. त्यानंतरच्या वादकाला बँकेत नोकरी तरी हवी, नाहीतर शिकवण्या. माझ्याकडे नोकरी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चौकडी म्हणजे व्हायोलिन, सतार, बासरी, तबला. नियम माझेच: चौघांना समान वाटा, आणि फुकट कुठेही वाजवायचं नाही. शाल-नारळावर तर नाहीच. लोक म्हणायचे, फार ताठ आहेत. होतो. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ 1910 मध्ये भाऊबंदांना घेऊन अमेरिकेला गेले. बडोद्याच्या मुशीतलंच ते छोटं वाद्यपथक, आणि तिकडे पोटासाठी रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या नाचामागे त्यांना वाजवावं लागलं. पुढे इनायत खाँनी संगीतच सोडलं. हा किस्सा मी तालमीत इतक्यांदा सांगितला की सतारवाला तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आपण कुणाच्या मागे वाजवायचं नाही, हे त्यातून मी काढलेलं तात्पर्य. आज वाटतं, किस्सा नीट ऐकला असता तर दुसरंही काही निघालं असतं. निदान ते एकत्र गेले तरी होते.

आता कोजागिरी.

आमचा तबलजी बडोद्याच्या वाडी भागातला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. नवरात्रात तो गरब्याला ढोलकी वाजवायचा. बडोद्याचा गरबा काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. नऊ रात्री, आणि त्या नऊ रात्रींत त्याला जे मिळायचं ते चौकडीच्या वर्षभराच्या वाट्याहून जास्त. मला ते माहीत होतं. तरी मी "ढोलकीनं हात बिघडतो" असं येताजाता म्हणायचो. बिघडतोही, खोटं नाही. पण घरभाडं भरायचं ते त्याला, मला नव्हे.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी एका मंडळाचा कार्यक्रम होता. गच्ची, आटवायला ठेवलेलं दूध, आपलीच मंडळी. तो आला तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. "चालेल ना?" मी विचारलं. "चालेल, दादा." चंद्रकौंस राग घेतला होता. विलंबित छान झालं. द्रुत तीनतालात मी तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आलो, आणि त्याची सम एक मात्रा मागून आली.

असं होतं. कुणाचंही होतं. वाजवत पुढे गेलं की ऐकणाऱ्यांतल्या चौघांनाही कळत नाही. मी बो वर उचलला, थांबलो, आणि माईकमध्ये म्हणालो, "पुन्हा घेऊ या."

एवढंच. तालमीत म्हणतात तसं. समोर दीडशे माणसं, पहिल्या रांगेत त्याची आई.

पुन्हा घेतलं, त्यानं चोख वाजवलं. मग कुणाशी न बोलता डग्गा गवसणीत घातला, चुंबळी गोळा केल्या, हातोडी राहिली ती बासरीवाल्यानं नेऊन दिली. मानधनाचं पाकीट त्यानं तिथेच ठेवलं. पुढच्या तालमीला आला नाही. दोन तबलजी बदलून पाहिले, वर्षभरात चौकडी संपली.

"सुरात तडजोड नाही," असं मी अनेक वर्षं सगळ्यांना सांगत आलो. त्या रात्रीची कॅसेट माझ्याकडे आहे. त्याची सम चुकलीय, स्वच्छ ऐकू येतं. पण त्याच्या आधीची दोन मिनिटं ऐकली की आणखी एक ऐकू येतं: लय मी चढवली होती. ठरल्यापेक्षा बरीच. पट्टी बांधलेली बोटं डोळ्यांसमोर असताना. मुद्दाम? नाही. मुद्दाम नाही, असं मी अजूनही म्हणतो. बायकोनं ती कॅसेट एकदाच ऐकली आणि काही बोलली नाही.

पण मग थांबायला नको होतं का? ढिला ठेका चालवून घ्यायचा? यावर माझं मत आजही दिवसागणिक बदलतं.

मागच्या वर्षी त्याचा फोन आला. मुलाला व्हायोलिन शिकायचंय, शिकवाल का? मी लगेच हो म्हटलं. फी किती, त्यानं विचारलं. मी म्हटलं, अरे, तुझ्याकडून कसली फी.

"फुकट नको, दादा," तो म्हणाला. "नियम तुमचाच."

दर मंगळवारी येतो मुलगा. पैसे पाकिटात घालून आणतो. मी मोजून घेतो.