दिल्लीला जाताना आपला फिरलेला आदेश सोबत न्या

जिल्हा ग्राहक आयोगात सदस्य म्हणून रुजू होऊन सव्वा वर्ष झालं होतं, तेव्हा प्रशिक्षणाचं पत्र आलं. भारतीय लोकप्रशासन संस्था, नवी दिल्ली, जानेवारीत पाच दिवस. अध्यक्ष साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अवश्य जा मॅडम. पण बोर्डाचं, म्हणजे रोजच्या सुनावण्यांच्या यादीचं, काय करायचं ते आधी सांगा."

प्रश्न बरोबर होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३६ प्रमाणे कामकाज चालवायला अध्यक्ष आणि किमान एक सदस्य एकत्र बसावे लागतात. आमच्याकडे दुसऱ्या सदस्याची जागा रिकामी. म्हणजे मी दिल्लीत असेपर्यंत इकडे सुनावणी नाही. तेव्हा ज्यांना पत्र येईल त्यांनी तिकिटाआधी रोजनामा उघडावा. त्या आठवड्यात नव्या तारखा देऊ नका, दिलेल्या असतील तर महिनाभर आधी वकिलांना कळवा आणि आदेशासाठी राखून ठेवलेली प्रकरणं निकाली काढूनच निघा. आमच्याकडे दोन तक्रारदारांना निरोप पोचला नाही. ते एसटीने साठ किलोमीटर येऊन परत गेले. ही चूक माझी होती, कारण वकील नसलेल्या तक्रारदारांची यादी मी वेगळी काढली नव्हती.

साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेस सोयीची. मध्यरात्रीनंतर बसायचं, पुढचा सगळा दिवस गाडीत काढायचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीनला उतरायचं. जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे धुकं असतं, माझी गाडी चार तास उशिरा पोचली. सोमवारी सकाळी वर्ग असेल तर शनिवारी पोचेल असंच तिकीट काढा. निजामुद्दीनहून रिक्षा करा. संस्था रिंग रोडला लागून आहे, आयटीओ मेट्रो स्टेशनजवळ. साताऱ्याच्या थंडीचा सराव तिथे कामी येत नाही. शाल नको, कानटोपी आणि जाड मोजे न्या. तिकिटं आणि पावत्या एका पाकिटात ठेवा, प्रवासभत्त्याच्या बिलाला मूळ कागद लागतात.

वर्गात वेगवेगळ्या राज्यांतले सदस्य होते. आम्ही मराठी चौघं. पहिल्याच जेवणाला वाद निघाला तो शब्दावरून. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला आम्ही आदेशात 'सामनेवाले' लिहितो, पुण्याकडचे 'जाबदेणार', नांदेडचे सर 'गैरअर्जदार' आणि वर्ध्याच्या ताई 'विरुद्ध पक्ष'. एकच कायदा, एकच राज्य आयोग, आणि चार नावं. बिहारच्या एका सदस्यांनी विचारलं, "मग अपिलात कुठला शब्द चालतो?" कुणालाच सांगता आलं नाही. तिथून आमची गट्टी जमली.

आता मुख्य गोष्ट. पत्रात एक ओळ होती, 'स्वतः लिहिलेला एखादा आदेश सोबत आणावा'. बहुतेकांनी आपला सर्वांत देखणा आदेश आणला होता. मी घाईत आणला तो फिरलेला, म्हणजे अपिलात राज्य आयोगाने फेरविचारासाठी परत पाठवलेला, कारण पिशवीत तोच होता. शिकवायला आलेले निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "हाच घेऊ या."

प्रकरण साधं होतं. दोन एकरांवर सोयाबीन पेरलं, उगवण नीट झाली नाही. तालुका तक्रार निवारण समितीने पंचनामा केला आणि बियाण्यात दोष असल्याचं नोंदवलं. आम्ही तक्रार अंशतः मंजूर करून १,२०,००० रुपये नुकसानभरपाई दिली. मुद्दे आणि निष्कर्षांचा तक्ता व्यवस्थित होता. मुद्दा १, तक्रारदार ग्राहक आहेत काय? होय. मुद्दा २, सामनेवाले यांनी सदोष बियाणे विकले काय? होय. मुद्दा ३, आदेश काय? अंतिम आदेशाप्रमाणे.

न्यायाधीश साहेबांनी लाल पेन्सिल घेतली. कायद्याची कलमं असलेले परिच्छेद खोडले. दोन्ही बाजूंचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं होतं, तेही खोडलं. साडेसात पानांतून शिल्लक राहिलं एक वाक्य: 'वरील सर्व विवेचनावरून सामनेवाले यांनी सदोष बियाणे विकल्याचे स्पष्ट होते.' ते म्हणाले, "वरील विवेचन कुठे आहे, ते शोधतोय."

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

मग त्यांनी फळ्यावर १,२०,००० हा आकडा लिहिला आणि तो कुठून आला ते विचारलं. मी वाणिज्य शाखेची, चौदा वर्षं कॉलेजात हिशेबतपासणी शिकवलेली, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तो अंदाजाने धरला होता. पुढचा दीड तास सगळ्यांनी मिळून तो आकडा उभा केला. एकरी सरासरी उत्पन्न किती, त्याला आधार कशाचा? त्या हंगामातला बाजार समितीचा दर काय? कापणी आणि मळणी झालीच नाही, तो वाचलेला खर्च वजा केला का? दुबार पेरणीला वेळ होता का? होता आणि केली नसेल, तर कारण काय? केली असेल, तर दुसऱ्या पिकाचे पैसे कुठे धरले? वर्ध्याच्या ताई शेतकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, "पहिली उगवण फसली हे कळायला आठ-दहा दिवस जातात सर, तोवर वाफसा निघून जातो." साहेब म्हणाले, "हेच वाक्य आदेशात पाहिजे होतं."

आमच्यासारख्या बिगर-न्यायिक सदस्यांची खरी अडचण इथे आहे. वाणिज्य, वैद्यक, अभियांत्रिकी अशा क्षेत्रांतून आम्हाला घेतात ते त्या जाणकारीसाठी, आणि आम्ही आदेशात नेमकी तीच गाळतो. न्यायालयासारखं दिसावं म्हणून कलमांची पानं भरतो. म्हणून सांगते, दिल्लीला देखणा आदेश नेऊ नका. फिरलेला न्या, आणि इंग्रजी किंवा हिंदीत त्याचा एक पानी गोषवारा तयार ठेवा, नाहीतर निम्मा वेळ भाषांतरात जातो.

बाकीची व्याख्यानं उपयोगी होती, काही झोप आणणारीही होती. सामनेवाल्यांच्या लेखी म्हणण्याच्या, म्हणजे तक्रारीला द्यायच्या उत्तराच्या, मुदतीवरचं चुकवू नका. ३० दिवस आणि वर फार तर १५, त्यापुढे वाढ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलंय. तरीही 'न्यायहितास्तव ५०० रुपये खर्चावर' म्हणणं दाखल करून घेणारे वर्गात किती आहेत, असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी वहीत डोकं घातलं. आर्थिक अधिकारक्षेत्रावरही गोंधळ होता. तक्रारदार कितीची मागणी करतो यावर ते ठरत नाही, त्याने मोबदला म्हणून किती दिले यावर ठरतं. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख आहे. त्यामुळे मोठ्या रकमेचा विमा दावाही हप्ता पाहून जिल्ह्यातच येतो.

मध्यस्थीकडे काय पाठवायचं नाही, याची यादी लिहून घ्या. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणं, फसवणूक किंवा बनावट कागदाचे गंभीर आरोप, वगैरे. आम्ही अशी एक केस जवळजवळ पाठवलीच होती.

दरखास्तीवर, म्हणजे आदेश न पाळल्यास त्याची अंमलबजावणी करून घेण्यावर, एक संपूर्ण सकाळ गेली, तरी कमी पडली. कलम ७१ खाली वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखी आणि ७२ खाली थेट तुरुंगवास, दंड किंवा दोन्हींची शिक्षा. वॉरंट काढायची वेळ आली की आमच्यासारख्यांचा हात थरथरतो, हे नांदेडच्या सरांनी मोकळेपणाने सांगितलं.

एक दुपार मोकळी मिळाली. ती लाल किल्ल्यावर न घालवता राष्ट्रीय ग्राहक आयोगात जा. आयटीओहून व्हायोलेट लाइनने सेंट्रल सेक्रेटरिएट, तिथे यलो लाइन पकडून आयएनए. ओळखपत्र जवळ ठेवा. मी मागच्या बाकावर दोन तास बसले. वकील पान क्रमांक सांगत होते आणि पीठ थेट कारणांच्या पानावर जात होतं. आपण मेहनतीने उतरवलेली तक्रारीची हकिकत तिथे कुणी वाचत नव्हतं. बाहेर पडल्यावर समोरच दिल्ली हाट आहे. तिथली खरेदी मात्र मी आवरू शकले नाही.

पोळी-भाजीची आठवण आली तर मंडी हाऊसला उतरून कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात चौकशी करा. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं मुख्य पीठही त्याच रस्त्यावर आहे. तिथे पीठात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य बसतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक वादांत प्रशासनातला माणूस बाकावर हवा, असा तो विचार. त्यांचे आदेश वाचायला मिळाले तर प्रशासकीय सदस्याचा अनुभव कुठे कामी येतो ते शोधा, मला त्यातून बरंच मिळालं.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात सोयाबीनचं प्रकरण बोर्डावर घेतलं. बाजार समितीच्या दराचा दाखला, दुबार पेरणीचा तपशील आणि खर्चाच्या पावत्या आणायला दोन्ही बाजूंना सांगितलं. सामनेवाल्यांच्या वकिलांनी महिनाभर मुदत मागितली. अध्यक्ष साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही पंधरा दिवस दिले.