केसभर कमी पडलेली सेफ्टी

नाइन-बॉलमध्ये, म्हणजे १ ते ९ नंबरच्या बॉलनी खेळल्या जाणाऱ्या पूलमध्ये, पंचाचा खरा कस सेफ्टीच्या वेळी लागतो. सेफ्टी म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालण्याऐवजी समोरच्याला अडचणीत टाकणारा बचावाचा फटका. बॉल पॉकेटमध्ये गेला की सगळ्यांनाच दिसतं. सेफ्टीत मात्र दोन गोष्टींवर नजर हवी: पांढरा बॉल आधी सर्वांत लहान नंबरच्या बॉलला लागला का, आणि त्यानंतर कुठला तरी बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, पोचला का. नसेल तर फाउल, आणि समोरचा खेळाडू पांढरा बॉल हवा तिथे ठेवून खेळणार.

मी पंच असलेल्या एका सामन्यातला तो निर्णायक रॅक, म्हणजे शेवटचा डाव, होता. एकाचे लागोपाठ २ फाउल झालेले. तिसरा झाला की रॅक गेला, म्हणजे सामनाही. पांढरा बॉल आता दुसऱ्याच्या हातात. पाच आणि सहा नंबर एकमेकांत अडकलेले, त्यामुळे टेबल साफ करणं अवघड. सात-आठची जवळजवळ चिकटलेली जोडी भिंतीसारखी उभी आणि टेबलावरचा सर्वांत लहान, तीन नंबर, शेजारीच. तो सेफ्टीसाठी वाकताच मागून 'अरे, खेळ की!' अशी ओरड झाली. लोकांना सेफ्टी म्हणजे रडीचा डाव वाटतो. माझ्या मते त्या क्षणी तोच सर्वांत आक्रमक फटका होता.

त्याने तीन नंबरला अगदी पातळ स्पर्श केला. पांढरा बॉल घसरत भिंतीमागे गेला आणि आठला टेकून थांबला. मध्ये फटच नाही, म्हणजे पांढरा बॉल अडथळ्यावरून उडवायची काठी, जंप क्यू, निरुपयोगी. टाळ्या सुरू झाल्या. पण स्पर्श जितका पातळ तितका समोरच्या बॉलला जोर कमी मिळतो, आणि तीन अजून रेंगाळत लांब कुशनकडे चालला होता.

मी कुशनजवळ जाऊन बॉलच्या उंचीला डोळे आणले. नुसतं अंतर पाहून चालत नाही, कारण टेकून किंचित मागे आलेला बॉलही दूरच दिसतो. म्हणून मी बॉलवरच्या पांढऱ्या वर्तुळातला ३ चा आकडा पाहत होतो. तो पुढे लोळत गेला, मंदावला आणि थांबला. उलटा फिरला नाही. कुशन आणि बॉल यांच्यात कागदाएवढी उजेडाची रेघ.

"फाउल."

हॉलमध्ये गोंधळ. खेळाडूने फक्त विचारलं, "किती?" मी रेघ दाखवली. तो खुर्चीत जाऊन बसला.

नंतर एक सहकारी पंच म्हणाले, "इतकी सुंदर सेफ्टी, सोडून द्यायचं होतं." हे गृहस्थ बॉलऐवजी खेळाडूंचे चेहरे बघतात असा मला जुना संशय आहे. दोन बॉलना एकदम लागल्यासारखं वाटलं आणि ठरवता येईना, तर खेळणाऱ्याला संशयाचा फायदा मिळतो. इथे संशयच नव्हता.

समोरच्याने बॉल हातात घेतला आणि स्वतःही सेफ्टीच खेळला, पण साधी. तीनला भरीव मार, पांढरा जवळपास जागेवर, तीन नंबर कुशनं घेत दुसऱ्या टोकाला, मध्ये सात-आठ. कायदेशीर फटका झाल्यामुळे त्याचे २ फाउलही पुसले गेले. उत्तरादाखल आलेली किक, म्हणजे पांढरा आधी कुशनवर आपटून मारलेला फटका, चुकली, पांढरा पुन्हा त्याच्या हातात आला, आणि या वेळी त्याने पाच-सहा फोडून नऊपर्यंत सगळं साफ केलं.

हा भरीव मार आधीच्यालाही उपलब्ध होता. पांढरा भिंतीपासून वीतभर लांब राहिला असता, समोरच्याला जंप किंवा किकची थोडी संधी मिळाली असती, इतकंच. तिसऱ्या फाउलचा मोह नसता तर त्याने तोच निवडला असता का? त्याच्या प्रशिक्षकांना विचारलं, तर ते म्हणाले, "पातळच बरोबर होता, फक्त वेग कमी पडला." मला अजून पटलेलं नाही.