डोक्यावर तांब्या आला की मूल का किंचाळतं?

पाण्यात तासभर खेळणारं मूल डोक्यावर तांब्या आला की किंचाळतं, आणि घरातले म्हणतात, "हट्टी झालंय." हा हट्ट नाही. संवेदनांशी जुळवून घेणं ज्या मुलांच्या मेंदूला जड जातं, त्यांना हलका, अचानक झालेला स्पर्श धोक्यासारखा जाणवतो. तोच स्पर्श तळहातानं, दाबून, सावकाश आणि आधी सांगून झाला तर बऱ्याचदा सोसवतो. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञ) ए. जीन एअर्स यांनी याची पद्धतशीर मांडणी केली, त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. आपल्याकडे मात्र अजूनही "घट्ट धरा आणि उरकून टाका" हाच सल्ला मिळतो. तो सल्ला मानू नका. धरून ठेवलेलं मूल पुढच्या वेळी न्हाणीघराच्या दारातच रडायला लागतं.

आधी नेमकं काय खुपतंय ते शोधा. कोरड्या अंगानं, पलंगावर, मानेखाली हात देऊन मुलाला हळूच मागे झुकवा. एवढ्यानंच ते घाबरलं, तर अडचण पाण्याची नसून डोकं मागे जाण्याची असू शकते. तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते. ती बिचकते अशी मुलं बहुधा झोक्यालाही घाबरतात, कुणी उचललं तरी घाबरतात. मागे झुकणं जमलं, पण ओला रुमाल डोक्यावर ठेवताच मूल चवताळलं, तर त्रास स्पर्शाचा आहे. आणि दारातच रडं सुरू होत असेल, तर आवाजाकडे बघा. एक्झॉस्ट फॅन, गीझर, बादलीत पडणारी नळाची धार, हे सगळं फरशीच्या भिंतींवर आदळून जास्तच मोठं वाटतं. बादली आधी भरून ठेवा, पंखा बंद करा, मगच मुलाला आत न्या.

न्हाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं स्नायूंना आणि सांध्यांना काम द्या. अर्धी भरलेली बादली ढकलत नेणं, भिंतीला दोन्ही हातांनी रेटणं, एक किलोची डाळीची पिशवी स्वयंपाकघरातून बाहेर आणणं. अशा कष्टाच्या कामानं अनेक मुलं शांत होतात. उड्या आणि गुदगुल्या मात्र या वेळी नकोत, त्यांनी काही मुलं उलट जास्तच चेकाळतात.

मग मुलाला बुटक्या स्टुलावर बसवा, पावलं पूर्ण जमिनीला टेकलेली हवीत. डोकं मागे झुकवायचं नाही. घडी केलेला कोरडा नॅपकिन मुलाच्याच हातात द्या आणि डोळ्यांवर दाबून धरायला सांगा. पाणी कोमट हवं, ते आपल्या कोपरानं तपासा. हँडशॉवरचे बारीक फवारे या मुलांना टोचतात. तांब्या डोक्याच्या अगदी जवळ धरून संथ धार सोडलेली बरी. शाम्पू आधी तळहातावर चोळून कोमट करा आणि बोटांच्या टोकांनी न खाजवता पूर्ण पंजानं दाबत लावा. अर्धा चमचा पुरे, कारण फेस जितका कमी तितके तांबे कमी. "सहा तांबे" असं आधी सांगा आणि मोठ्यानं मोजा. फेस थोडा राहिला तरी सातवा तांब्या ओतू नका, राहिलेला फेस ओल्या कापडानं पुसून काढा. आकडा एकदा मोडला की मूल पुढचा आकडा मानत नाही. शेवटी टॉवेल चोळायचा नाही, दाबून पाणी टिपायचं.

नखं अंघोळीनंतर मऊ असताना कापा. प्रत्येक बोटाचं टोक आधी काही क्षण घट्ट दाबा. एका वेळी एकच हात झाला तरी चालेल. अगदी मुळापर्यंत कापू नका, कारण नखाखालची उघडी पडलेली कातडी दिवसभर झोंबत राहते.

केस कापायला दुपारी, सलून रिकामं असताना जा. केस घरीच ओले करून नेले की फवाऱ्याची बाटली टळते. मशीनची थरथर कवटीच्या हाडातून थेट कानात पोचते, त्यामुळे कान झाकूनही फारसा उपयोग नसतो. कात्रीच सांगा. गळ्याशी आवळणाऱ्या कपड्याऐवजी जुना टीशर्ट चालतो, तो तिथेच बदलून टाका. मानेवर पावडरचा ब्रश फिरवू नका हे कारागिराला आधीच सांगायला हवं. सगळं नीट पार पडतं आणि शेवटच्या त्या गुदगुल्यांनी मूल कोसळतं.

शर्टाचं लेबल कात्रीनं कापलं तर उरलेली कडक कड जास्त टोचते. शिवण उसवून ते मुळापासून काढा.

व्हिडिओ बघून अंगावर ब्रश घासण्याचे प्रयोग करू नका, वजनाची पांघरुणंही स्वतःच्या मनानं आणू नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान आणि त्वचा तपासून घ्या. कान दुखत असेल किंवा इसब असेल तर वरचं काहीच लागू पडणार नाही. न्हाण्याच्या या त्रासाबरोबरच बोलणं उशिरा येत असेल, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तर विकासाची पूर्ण तपासणी हवी, कारण असा त्रास स्वमग्नतेतही (ऑटिझममध्येही) दिसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशी तपासणी होते. खाजगी थेरपिस्टकडे गेलात तर पहिल्याच भेटीत विचारा: तीन महिन्यांनी घरात नेमका कोणता फरक दिसायला हवा? "सुधारेल हळूहळू" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला खरखरीत उटणं नको. आजीला तेल लावायचंच असेल, तर तळवे आणि पोटऱ्यांपासून, मुलाला दिसेल असं, दाबून लावू दे. डोक्याला तेल शेवटी, आणि मुलानं मान हलवली तर त्या दिवशी नाहीच.