निरोपाचा सीन

मी ज्या मालिकेत काका होतो, तिच्या कालच्या भागात वहिनी चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "काका गावाला गेलेत, शेताचं बघायला." बस्स. लगेच धाकटीच्या साखरपुड्याचा विषय निघाला. घरी सगळे बघत होते. ही काही बोलली नाही, उठून कुकर लावायला गेली. आईने तेवढं विचारलं, "मग परत कधी?" मी म्हटलं, बघू.

अंदाज होताच. कॉल टाइमचा, म्हणजे शूटिंगला कधी यायचं त्याचा, मेसेज येईनासा झाला, बँकेतले, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले, भाग संपत आले, फोन कुणाचाच नाही. एखाद्या पात्राचा ट्रॅक, त्याची गोष्ट, मध्येच बंद होते, या धंद्यात ते नवं नाही. पैशाचं काय ते वेगळं, इथे नको. मला सलतंय ते दुसरंच. ज्या घरात मी रोज दिवाणखान्यातल्या त्याच खुर्चीत पेपर वाचला, पोरीबाळींची समजूत काढली, त्या घरातून निघताना उंबऱ्यावरचा एक सीन नाही. हातात पिशवी, पाया पडणं, "जपून जा हो काका". अर्धं पान पुरलं असतं. आणि मी तो चांगला केला असता.

झोप येईना म्हणून पुन्हा 'गनस्मोक' ही जुनी अमेरिकी वेस्टर्न मालिका लावली. जेम्स आर्नेस त्यात डॉज गावचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, मॅट डिलन. हल्ली रात्री हेच बघतो. सहा फूट सात इंचांचा माणूस, पण अंगाने अभिनय असा करतच नाही. दारात उभा राहतो, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो, मग बोलतो. चालताना उजवा पाय किंचित जपून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिक असताना, जानेवारी 1944 मध्ये इटलीत अँझिओला उतरताना आर्नेसला बोटीतून सगळ्यांत आधी पाण्यात उतरवलं होतं. सगळ्यांत उंच तो, पाणी किती खोल आहे ते कळावं म्हणून. पुढे थोड्याच दिवसांत मशीनगनच्या गोळ्यांनी त्या पायाची हाडं मोडली. महिनोन् महिने इस्पितळात. त्याच पायाने तो 1955 ते 1975 घोड्यावर चढत-उतरत राहिला. दुखायचं, आयुष्यभर दुखत राहिलं. स्क्रीनवर ते कळत नाही. कळलंच तर मार्शलचा स्वभाव वाटतो.

पुढच्या पुढच्या वर्षांत कितीतरी भागांत तो जेमतेम दिसतो. मार्शल गावाबाहेर गेलाय, असं कुणीतरी म्हणतं आणि गोष्ट त्याचा मदतनीस फेस्टस नाहीतर न्यूली सांभाळून नेतो. काल ते ऐकलं आणि थांबवलंच मी. हेच वाक्य. फरक एवढाच की तो पुढच्या सोमवारी परत यायचा.

शेवटी मात्र तोही आला नाही. 20 वर्षं, 635 भाग. 1967 मध्ये सीबीएसने एकदा मालिका बंद करायचं ठरवलं होतं. वाहिनीचा प्रमुख विल्यम पेली याने तो निर्णय फिरवला, शनिवारची सोमवारी आणली आणि मालिका पुन्हा वर गेली. 1975 मध्ये फिरवणारं कुणी नव्हतं. शहरी, नव्या विषयांच्या मालिका हव्या होत्या. सोमवारची वेळ दोन विनोदी मालिकांना दिली. पुढच्या वर्षी आपण असणारच, असं सेटवर सगळे धरून चालले होते. त्यामुळे समारोपाचा भाग लिहिलाच गेला नाही. 31 मार्चला जो शेवटचा नवा भाग लागला, तो अर्धेलीने शेती करणाऱ्या एका घराचा, त्यात फेस्टसचं काम. कुठल्याही आठवड्यात लागला असता असा. पहिल्या भागाची ओळख करून द्यायला जॉन वेन स्वतः पडद्यावर आला होता. शेवटच्या भागाला कुणी दोन शब्दही बोललं नाही. मार्शलने बिल्ला उतरवून टेबलावर ठेवला नाही. डॉक, म्हणजे गावचा डॉक्टर, करणारा मिलबर्न स्टोन आणि हा, दोघेच पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. त्या दोघांचा तरी एक सीन द्यायचा. गावातल्या लाँगब्रँच दारूच्या गुत्त्यात समोरासमोर बसून, काही न बोलता. द्यायला हवा होता की नाही?

माझं काय, मी काका. पण त्याला?

बराच वेळ मी त्याच्या वतीने चिडत बसलो. मग पहाटेकडे लक्षात आलं की तो स्वतः कुठे फारसा चिडलेला दिसत नाही. मुलाखतींची त्याला आवड नव्हतीच. समुद्राचं वेड होतं, सर्फिंग करायचा. मुलगा रॉल्फ 1970 मध्ये सर्फिंगचा विश्वविजेता झाला. मालिका संपली, पुढच्याच वर्षी दुसऱ्या वेस्टर्नमध्ये उभा राहिला. आणि 1987 मध्ये डॉजला परत गेला, टीव्हीवरच्या चित्रपटात. मार्शल आता न्यूली झालेला, ह्याच्याकडे बिल्ला नाही, लाँगब्रँचवाली किटी आहे, डॉक नाही. स्टोन 1980 मध्येच गेला होता. केस पांढरे, चाल तीच. मला तो आल्याबरोबर बरं वाटलं. 12 वर्षांपूर्वी निरोप घेतला असता तर असं सहज येता आलं असतं का, कोण जाणे.

काकांच्या फोटोला हार घातला नाही, एवढं खरं. तेही झालंय लोकांचं. सकाळी कॉल, दुपारी हार. माझा माणूस गावाकडे आहे, शेताचं बघतोय. भात लावणीचे दिवस आहेत, त्याला सवड नसेलच. हे मी मनातल्या मनात लिहीतही गेलो: तिथे कुणाबरोबर बोलत असेल, गुडघा कसा असेल, धाकटीच्या साखरपुड्याची पत्रिका पोहोचली असेल का.

तरी तो सीन हवाच होता मला. अजून वाटतंय.

उद्या घोडबंदरला सेटवर जाणार आहे. माझा चष्मा आणि डबा कॉस्च्युमच्या खोलीत राहिलाय, तो आणायचाय. पण खरं म्हणजे सगळ्यांना भेटायचंय. वहिनींना, धाकटीला, मेकअपदादांना, रोज न सांगता बिनसाखरेचा चहा आणून देणाऱ्या स्पॉटदादाला. लंचच्या वेळी जावं, तेव्हा सगळे एका ठिकाणी सापडतात. हिने पेढे आणून ठेवलेत.